टेबलं किती जणांची

"माणसं किती धरायची ते एकदा सांगा," अण्णा म्हणाले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी प्लायवर टेकवली आणि वाट बघत उभे राहिले.

"सगळी," थोरली म्हणाली.

"सगळी म्हणजे?"

"म्हणजे आम्ही बायका धरून."

अण्णांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे. मुलाने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, शेडच्या छपराकडे पाहिलं. तो वीज कंपनीत लाइनमन होता. अडचणीच्या वेळी वर बघायची त्याला सवयच लागली होती.

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं गणगोत या घरी जमायचं, हे अण्णांच्या लग्नापासून चालत आलेलं. काका, मामा, त्यांची मुलं, मुलांची मुलं. आधी पुरुष आणि पोरं जेवायची, मग वाढून वाढून भूक मेलेल्या बायका. गेल्या वर्षी बायका बसेपर्यंत भाजीचं पातेलं खरवडायची वेळ आली होती. धाकटी सून इस्पितळातून ड्यूटी संपवून थेट आली, आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलून पुन्हा भांड्यांना लागली. त्या दिवशी थोरली काही बोलली नाही. तिचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला 'शुक्रवारच्या आत होणार नाही' असं सांगावं, त्या सुरात तिने या वर्षी सुट्टीच्या बरंच आधी सांगून टाकलं, "एकतर सगळी एकदम बसतील, नाहीतर स्वयंपाक बाहेरून मागवा."

सासूबाईंनी, माईंनी, चार दिवस तोंड फुगवून पाहिलं. त्याचा उपयोग होत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बसा बाई एकदम. पण एवढी ताटं मांडणार कशावर?"

तिथून टेबलांची गोष्ट निघाली. एरवी घरात एवढी टेबलं ठेवायला जागा नव्हती, म्हणजे ती घडीची हवीत. लाइनमनने मोबाइलवर तयार टेबलांचे फोटो दाखवले. प्लास्टिकची, मधोमध दुमडणारी, हातात धरायला मूठ असलेली.

अण्णांनी फोटो लांब धरून पाहिला. "हे मधोमध दुमडतं ना? मग मधोमधच पोटात जाणार. भाताचं पातेलं ठेवलं की वाकून नमस्कार करील."

"मग काय करायचं?"

"मी करतो," अण्णा म्हणाले.

हे ऐकून माई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या, आणि तशाच परत गेल्या. अण्णांचा जन्म लाकूडकामात गेला होता. फर्निचरच्या कारखान्यात ते फोरमन होते आणि निवृत्त झाल्यावर मागच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचा छोटा कारखानाच मांडला होता. पण धाकटा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला आता चार वर्षं होत आली. तेव्हापासून त्यांनी रंध्याला हात लावला नव्हता. शेडच्या कुलपाला तेल घालून ते उघडावं लागलं.

पहिलं टेबल त्यांनी जुन्या दारांच्या फळ्यांचं केलं. पाय आत दुमडणारे, बिजागऱ्या पितळी, कडा हाताला लोण्यासारख्या लागाव्यात इतक्या गुळगुळीत. शनिवारी वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे लाइनमनची धाकटी बहीण. मोठ्या इमारतीतल्या एका विमा कचेरीत नोकरी, आणि दर शनिवारी माहेरी हजेरी.

"आता दोघी उचला," अण्णा मोठ्या अपेक्षेने म्हणाले.

थोरलीने एक बाजू धरली, वन्संनी दुसरी. टेबल वीतभर वर आलं आणि होतं तिथेच खाली गेलं.

"अण्णा," वन्सं हात झटकत म्हणाल्या, "हे घडीचं टेबल आहे की घराण्याचं? पिढ्यानपिढ्या जागचं हलायचं नाही."

लाइनमन हसला. अण्णा हसले नाहीत.

"मजबूत आहे," ते म्हणाले.

"मजबूत आहेच," थोरली म्हणाली. "पण मांडणार कोण आणि उचलून ठेवणार कोण? आम्हीच ना? दोन बायकांना गप्पा मारता मारता उचलता आलं पाहिजे. नाहीतर दुमडलं काय नि न दुमडलं काय."

अण्णांना लागलं. त्या दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी थोरली दुकान उघडायला निघाली तेव्हा शेडमधून करवतीचा आवाज येत होता. डोकावून पाहिलं तर पातळ प्लाय, त्याला खालून हलक्या पट्ट्यांची चौकट, आणि पाय अर्ध्या जाडीचे.

"जरा उचलून बघ," ते मान वर न करता म्हणाले.

तिने एकटीने कड उचलली. टेबल आलं.

"आता काय म्हणणं आहे?"

"आता बरोबर आहे."

"एक खोड राहिलीय. घडी केली की दोन्हीकडचे पाय मधे एकमेकांवर आपटतात. लांबी कमी धरली ना मी, दारातून वळावं म्हणून." त्यांनी पाय दुमडून दाखवले. लाकडावर लाकूड ठक्कन वाजलं. "एक जोडी आतून घ्यावी लागणार, अरुंद. मग ती दुसरीच्या पोटात बसेल."

अण्णा एका दमात इतकं बोलून बराच काळ लोटला होता. थोरलीला वाटलं, टेबलं झाली नाहीत तरी चालेल, हा माणूस शेडमध्ये आला हेच खूप. अर्थात हे तिने बोलून दाखवलं नाही. टेबलं तिला हवीच होती.

*

धाकटी जाऊ दुकानात आली ती भर दुपारी. ती इस्पितळात नर्स होती, आणि घरात लहानथोर सगळे तिला 'सिस्टर' म्हणायचे. धाकटा, तिचा नवरा, होता तेव्हा तोही तिला चिडवायला तसंच हाक मारायचा. तीच हाक घरभर झाली. तो गेल्यावर ती मुलीला घेऊन माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ती वरच्याच खोलीत राहिली. मुलगी, बिट्टी, आई ड्यूटीवर असली की माईंच्या मागे मागे असायची.

"ताई, मशीन जरा थांबवा," सिस्टर म्हणाली.

थोरलीने पायाखालचं पॅडल सोडलं.

"मी लग्न करतेय."

थोरली सुईतून दोरा काढत राहिली. खरं तर दोरा काढायचं काहीच कारण नव्हतं.

"कोणाशी?"

"इस्पितळात लिफ्टच्या दुरुस्तीला येतात ते. त्यांची बायको आजारी होती, आमच्याच वॉर्डात. दोन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही." सिस्टर सगळं एका सुरात सांगत होती, डॉक्टरला पेशंटची माहिती द्यावी तसं. "घर स्टेशनच्या पलीकडे आहे. बिट्टीची शाळा बदलावी लागणार नाही."

"बिट्टीला माहीत आहे?"

"आहे. तिला ते चालतात. म्हणजे, एकदम गळ्यात पडत नाही, पण चालतात."

थोरलीच्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते काही चांगलं नव्हतं. तिच्या मनात आलं, म्हणजे आता या घराचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. माईंची औषधं, सणासुदीचा राबता, पाहुणे, लाइनमनचा राग. आजवर निम्मं ओझं हिने उचललं होतं. आणि रात्री ओटा पुसून झाल्यावर दोघी मागच्या पायरीवर बसून घरातल्यांच्या नकला करायच्या, तेही गेलं.

"तू जाणार मग," ती म्हणाली.

"जाणार."

"मला वाईट वाटतंय. म्हणजे माझ्यासाठी वाटतंय, तुझ्यासाठी नाही."

सिस्टर हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. "मला वाटलंच तुम्ही असंच काहीतरी बोलाल. माईंना सांगताना तिथे उभ्या राहा फक्त. माझ्या बाजूने बोलला नाहीत तरी चालेल."

*

सांगायला मुहूर्त असा नव्हताच. रविवारी सकाळी सगळे शेडमध्ये होते. अण्णा तिसऱ्या टेबलाला चौकट ठोकत होते, लाइनमन बिजागऱ्यांचे स्क्रू पिळत होता, माई बाहेर खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या. वन्सं टेबलाला कोणता रंग द्यावा यावर न विचारलेलं मत देत होत्या. बिट्टी शेजारी खेळायला गेली होती. सिस्टरने ती वेळ साधली.

तिने सांगितलं तेवढंच, दुकानात सांगितलं होतं तेवढंच. थोरली तिच्या शेजारी उभी राहिली.

हातोडी थांबली. पहिल्यांदा बोलल्या त्या वन्सं.

"लिफ्टवाला?"

"हो."

"बरंय. वर नेतो की खाली आणतो ते कळेलच."

"वन्सं," थोरली म्हणाली.

"मी काय वाईट बोलले? माहिती विचारतेय."

लाइनमनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हा माझ्या भावाचा संसार आहे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्याची खोली, त्याची मुलगी. असं सहज उठून जायचं?"

"भावजी, चार वर्षं झाली," सिस्टर म्हणाली. "सहज कुठे?"

"लोक काय म्हणतील ते..."

"लोक मला ड्यूटीवरून आणायला येत नाहीत."

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माईंची बोटं शेंगा सोलतच होती. एक शेंग, दुसरी शेंग. मग त्या म्हणाल्या, "तुला करायचं तर कर लग्न. मी अडवणार नाही. पोरगी इथे राहील."

"पोरगी माझ्याबरोबर राहील, माई."

"तिला मी वाढवलंय."

"दोघींनी वाढवलंय."

"तिच्या बापाचं घर हे आहे. परक्याच्या घरात मी तिला पाठवणार नाही. बोलून झालं माझं."

माई सोललेल्या शेंगांचं ताट घेऊन आत गेल्या. सिस्टरने थोरलीकडे पाहिलं. थोरलीला त्या क्षणी बोलायला हवं होतं हे तिला कळत होतं, पण नवरा समोर, सासरे समोर, तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी सिस्टरने दोन बॅगा भरल्या आणि बिट्टीला घेऊन ती इस्पितळाजवळ मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना अण्णांच्या पाया पडली. माई देवाचं करत बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेडमधलं काम बंद. झालेली दोन टेबलं भिंतीला टेकून उभी, आणि तिसरं बिनपायाचं जमिनीवर पडलेलं. लाइनमन एकदा म्हणाला, "अण्णा, कामाचं काय?" तर ते म्हणाले, "कोणासाठी करायची आता?"

घर एकदम मोठं झालं. माईंना सकाळी दोन वेण्या घालून द्यायचं काम उरलं नाही. त्या फणी घेऊन बसायच्या आणि स्वतःचेच केस पुन्हा पुन्हा विंचरायच्या. दूध जास्त यायला लागलं. कोणी दूधवाल्याला कमी कर म्हणून सांगत नव्हतं.

*

वन्सं शनिवारी यायच्या; या वेळी बुधवारीच आल्या. त्याही घरात न जाता थोरलीच्या दुकानात. पर्स काउंटरवर आपटून त्या स्टुलावर बसल्या.

"मी त्याला पाहून आले," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"लिफ्टवाल्याला. आमच्या इमारतीचं काम त्यांच्याच कंपनीकडे आहे. मी मुद्दाम तक्रार लिहून दिली की लिफ्ट गचके देते. हाच आला."

थोरलीने कात्री खाली ठेवली. "गचके देते का?"

"देते थोडी. सगळ्याच देतात." वन्संनी पदराने वारा घेतला. "मी म्हटलं, बघू तरी काय चीज आहे. खोट काढायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? त्याच्याबरोबर वरपासून खालपर्यंत सगळे मजले केले. मी कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, तुमच्या घरी कोणकोण? तर म्हणे, सध्या मी एकटा, पण लवकरच तिघं होणार. मी म्हटलं, तिघं कशी? तर म्हणे, एक मुलगी आहे, तिला वर्गात पाढे म्हणायची भीती वाटते, तर मी रोज फोनवर तिच्याकडून म्हणून घेतो. आणि सांगताना लाजला गं. एवढा मोठा माणूस."

"मग?"

"मग काय. बोलतो कमी. हात ग्रीसने काळे, पण नखं स्वच्छ. माझ्या नवऱ्याची नखं बघितलीस कधी?" वन्संनी पर्स मांडीवर ओढली. "मला राग येतोय वहिनी, की राग येत नाहीये."

"हे माईंना सांगा."

"मी? मला उभं करणार नाहीत. तू सांग. तुझं ऐकतात."

"माझं कधी ऐकलंय?"

"टेबलांचं ऐकलं की," वन्सं म्हणाल्या.

थोरलीने दुकान लवकर बंद केलं. घरी गेली ती आधी शेडकडे. दार लोटलेलं होतं. अण्णा आत अर्ध्या टेबलासमोर स्टुलावर बसले होते, हातात काही नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं. "त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"माझ्या वाटण्याला काय." त्यांनी प्लायवरचा भुसा हाताने बाजूला केला. "मला वाटतं ती बरोबर आहे. पण माईसमोर ते म्हटलं, तर मी पोराला विसरलो असा अर्थ होतो. चाळीस वर्षं संसार केलाय मी तिच्याशी. मला माहीत आहे, ती तसाच अर्थ काढणार."

"आणि मी म्हटलं तर?"

"तू म्हटलंस तर फार तर भांडण होईल." ते किंचित हसले. "तुला ते झेपतं."

*

माई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. थोरली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ती जागा सिस्टरची होती, हे दोघींच्याही लक्षात आलं.

"वन्सं त्या गृहस्थांना भेटून आल्या," थोरलीने सरळ सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. लिफ्टचे गचके, पाढे, सगळं. माई ऐकत होत्या की नाही ते कळत नव्हतं.

"पाढे तर मीही म्हणून घेत होते," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्याकडे यायचे तिला."

"हो माई. घरात येतात. वर्गात येत नाहीत."

शेजारच्या घरात कोणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज बदलत बदलत काठापर्यंत आला आणि नळ बंद झाला.

"तुला कळायचं नाही," माई म्हणाल्या. "माझा मुलगा गेला. त्याचे कपडे मी देऊन टाकले, त्याची गाडी विकली. त्याचं म्हणून एवढी एक पोर राहिलीय. हसते कशी माहितीय ना? खाली बघून, थेट त्याच्यासारखी. ती परक्या घरात वाढली तर माझ्याकडे काय राहिलं?"

थोरलीला रडू आलं, पण आता रडून चालणार नव्हतं. दोघी रडल्या असत्या आणि विषय तिथेच राहिला असता.

"माई, एक विचारू? आता या क्षणी ती कुठे आहे?"

"तुला माहीत नाही?"

"मैत्रिणीच्या घरी. म्हणजे परक्याच्याच घरी ना? तुम्ही तिला पाठवणार नाही म्हणालात, आणि ती त्याच संध्याकाळी गेली. अजून लग्नही झालेलं नाही." थोरली थांबली. पुढचं वाक्य तिने शिवण उसवताना जपून कात्री चालवावी तसं जपून उच्चारलं. "पोरगी आईच्याच मागे जाणार. तुम्ही कितीही लावून धरलंत तरी. प्रश्न एवढाच आहे की परत येताना तिला या घराचं दार उघडं दिसेल की बंद."

"तू मला शिकवतेस?"

"नाही. मलाही ती जायला नकोय. दोघी जायला नकोयत. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही ते भीतीने. आज उघडलंय."

माई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. थोरलीने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. आत जाताना त्या म्हणाल्या, "डोकं दुखायला लागलं माझं. चहा टाक."

त्या रात्री काही झालं नाही. सकाळी थोरली भांडी लावत असताना शेडमधून बोलण्याचा आवाज आला. माई शेडच्या दारात उभ्या होत्या. चार वर्षांत त्या उंबऱ्यापर्यंत त्या आल्या नव्हत्या.

"टेबलं पुरी करा," त्या अण्णांना सांगत होत्या. "आणि त्याला बोलवा जेवायला. मला त्याला काही विचारायचंय."

"काय विचारणार आहेस?" अण्णांनी घाबरतच विचारलं.

"ते मी त्याला विचारीन. तुम्हाला आधी सांगून काय करू?"

*

सुट्टीचा दिवस उजाडला. गणगोत आलं, पोरांनी घर डोक्यावर घेतलं. थोरली आणि वन्संनी टेबलं उचलून आणली, तीही वन्संच्या नवऱ्याच्या घोरण्यावर बोलत बोलत. अण्णा मागून चालत होते. चालण्यात ऐट होती. पाचही टेबलं ओळीने लावली तेव्हा ती बैठकीच्या खोलीतून सुरू होऊन व्हरांड्यात संपली. मधल्या दारात दोन टेबलांची उंची जराशी चुकली होती. खालची जमीनच उतरती होती. लाइनमनने पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सरकवली.

सिस्टर आली. बिट्टी आधी धावत आत गेली आणि थेट माईंच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. माईंनी तिच्या वेण्यांकडे पाहिलं. "कोणी घातल्या या? एक वर, एक खाली."

"मीच घातल्या," बिट्टी म्हणाली.

मागून तो आला. मध्यम वयाचा, नवा शर्ट घातलेला माणूस, शर्टाच्या घड्या अजून दिसत होत्या. अण्णांनी "या" म्हटलं. वन्सं त्याच्याकडे बघून इतक्या मोठ्याने हसल्या की तो दचकला. मग त्याने ओळखलं.

"तुमची लिफ्ट आता गचके देत नाही ना?" त्याने विचारलं.

"अगदी लोण्यासारखी चालते," वन्सं म्हणाल्या.

लाइनमन व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसला. त्याने पाहुण्याकडे पाहिलं नाही.

सगळे बसले, तेव्हा कोणालाच काय करायचं ते कळेना. भांडी मधोमध, ताटं समोर, आणि वाढायला उभं कोणीच नाही. काका ताटावर हात ठेवून वाट बघत राहिले. शेवटी काकूंनीच पळी त्यांच्या हातात दिली. "घ्या की. आपल्या हाताने घेतलं तर पोट भरत नाही असं आहे का?" हशा झाला, आणि भांडी हातोहात सरकायला लागली.

माईंनी पाहुण्याला आपल्या समोर बसवलं होतं. बिट्टी दोघांच्या मधे, कडेला. सिस्टर आणि थोरली शेजारीशेजारी. सिस्टर ताटातला भात नुसताच कालवत होती.

माईंनी पहिला घास खाल्ला आणि विचारलं, "मुलगी रात्री दचकून उठते, माहीत आहे?"

आसपासचं बोलणं थांबलं.

"आहे," तो म्हणाला. "पॅसेजमधला दिवा चालू ठेवावा लागतो. तिच्या आईने सांगितलंय."

"ताप आला की आधी पाय गार पडतात. तेव्हाच ओळखायचं, कपाळ तापायची वाट बघायची नाही. हे माहीत आहे?"

"नाही. हे माहीत नव्हतं."

"आता झालं. सायीचं दूध दिलं तर उलटी करते."

"आजी, मी आता नाही करत," बिट्टी म्हणाली.

"तू जेव." माईंची नजर त्याच्यावरून हलली नाही. "तिचा बाप कसा होता असं तिने विचारलं, तर काय सांगाल?"

हा प्रश्न व्हरांड्यापर्यंत ऐकू गेला. लाइनमनचा हात ताटातच राहिला.

त्या माणसाने हातातला घास खाली ठेवला. "मी त्यांना पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी काय सांगणार? मी तिला इकडे घेऊन येईन. तुम्ही सांगा."

माईंचा हात बिट्टीच्या पाठीवर गेला, आणि वर असलेली वेणी खालच्या वेणीच्या पातळीला आणायची खटपट करत राहिला. ती काही येत नव्हती.

"दर रविवारी," वेणी सोडून त्या म्हणाल्या.

"दर रविवारी."

"आणि फाटकाशी सोडून परत फिरायचं नाही. आत यायचं, जेवायचं, मग जायचं."

"येईन."

"घ्या मग. भात गार होतोय."

सिस्टर एकदम उठली. "पाणी आणते," ती म्हणाली, पण तिचा आवाज फुटला होता आणि पाण्याचं निमित्त आहे हे सगळ्यांना कळलं.

"बस तू," माई म्हणाल्या. त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं आणि थोरल्या मुलाला हाक मारली. "पाणी तो आणेल."

लाइनमन काही क्षण तसाच बसून राहिला. थोरलीने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघरात गेला, पाण्याचा जग भरून घेऊन आला. त्याने बिट्टीचा पेला भरला, सिस्टरचा भरला. त्या माणसाशी तो आल्यापासून बोलला नव्हता, आताही बोलला नाही, आणि त्याच्या पेल्यात त्याने पाणी ओतलंही नाही. पण जग त्याने खाली ठेवला तो त्या माणसाच्या हाताला लागेल असा, आणि मग तो आपल्या जागेवर न जाता तिथेच, दोन खुर्च्या सोडून, बसला.